शांत मूल

संसारांत कांहीं स्तुति अशा असतात कीं, त्यांत स्तुतीहून निराळें कांहीं असूं शकेल अशी शंकाही त्या करणारास येत नाहीं. "किती शांत मूल आहे हो!" ही त्यांपैकींच एक होय. ज्या घरीं तान्हें मूल आहे त्या घरीं जाणारा पाहुणा हें वाक्य उंबरठ्यावरच उच्चारतो, मुलाची आई त्यानें सुखावते, आणि चहा जरा लवकर येतो. मीही हें वाक्य जन्मभर मोठ्या औदार्यानें वांटीत आलों. परंतु गेल्या तीन वर्षांत तें माझ्या तोंडून सहसा निघत नाहीं. निघूं लागलेंच तर घशाशीं अडकतें. त्याचें कारण आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा होय.

मी भाईंदरच्या पूर्वेस जेसल पार्क नांवाच्या वस्तींत राहतों. स्टेशनापासून पायीं जाण्याच्या अंतरावर, वसईच्या खाडीला लागून ही वस्ती आहे. काठाला तिवरांची दाटी, समोर भरती-ओहोटीप्रमाणें रंग पालटणारें गढूळ पाणी, आणि डाव्या हाताला पाणजू बेटावरून नायगांवकडे जाणारा रेल्वेचा पूल, एवढें निसर्गाचें वैभव आमच्या वांट्याला आलेलें आहे. भाईंदर हें मूळचें मिठागरांचें व आगरी-कोळ्यांचें गांव. १९९१ च्या शिरगणतींत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख भरली होती. २००१ सालीं ती पांच लाख वीस हजार झाली, आणि २०११ सालीं आठ लाख नऊ हजार. वीस वर्षांत जेथें माणसें साडेचौपट होतात तेथें भिंती वाढतात, नळ वाढतात, गाड्यांची गर्दी वाढते. पण शेजार म्हणून जी एक वस्तु असते ती त्या वेगानें वाढत नाहीं. शेजाराला वेळ लागतो. तो विटांसारखा आणून रचतां येत नाहीं.

मीं स्वतः एका बँकेंत छत्तीस वर्षें नोकरी केली, आणि त्यांतलीं निम्मीं वर्षें ताळा घालण्यांत गेलीं. दोन वह्यांतील रकमा समोरासमोर मांडावयाच्या, फरक कोठें पडला तें शोधावयाचें, आणि तो सांपडेपर्यंत घरीं जावयाचें नाहीं, असा आमचा रिवाज होता. हें मुद्दाम सांगतों. कारण पुढील हकीकतींत ज्या एका कामाची उणीव होती तेंच नेमकें मला येत होतें, आणि तरीही मीं तें वेळेवर केलें नाहीं.

आमचा पहारेकरी परभणीकडचा. पावसानें लागोपाठ दगा दिल्यावर बायको आणि चार महिन्यांचें मूल घेऊन तो इकडे आला. सोसायटीनें पाण्याच्या पंपाशेजारची खोली त्यांना राहावयास दिली. बाई तीन घरचीं धुणींभांडीं करूं लागली. त्यांत आमचें घर एक. कामावर येतांना ती मुलाला बरोबर आणी आणि स्वयंपाकघराच्या दाराशीं चादरीच्या घडीवर बसवी. तें पोर बसल्या जागीं डब्याच्या झांकणाशीं तास तास खेळे. कुकरची शिट्टी झाली, ताट हातांतून निसटलें, दाराची घंटा वाजली, तरी दचकणें नाहीं कीं रडणें नाहीं. माझी नातवंडें सुटींत आलीं म्हणजे घर डोक्यावर घेत. त्यांना मी या मुलाचें उदाहरण दाखवीत असें.

पुढें तो चालूं लागला तेव्हां मी संध्याकाळीं त्याला खाडीकांठच्या चौपाटीवर नेऊं लागलों. मी कट्ट्यावर बसें, तो माझ्या शेजारीं पुलाकडे पाठ करून वाळलेल्या शेवाळाचे तुकडे गोळा करी. मागून गाड्या धडधडत जात. विरारची जलद गाडी पुलावर चढली म्हणजे कट्ट्याच्या दगडालाही तिची चाहूल लागते. आणि चालकानें शिट्टी दिली तर तिवरांतले बगळे उठतात. बाकीचीं मुलें टाळ्या पिटून तिकडे धांवत. हा मात्र मान वर करीत नसे. मला त्यांत एक प्रकारची चिंतनशीलता दिसली होती! आतां हें लिहितांना हंसूं येत नाहीं. माणसाच्या डोळ्यांपुढें खरी गोष्ट दोन वर्षें नाचत असते, आणि तो तिला आपल्या आवडीचें नांव देऊन मोकळा होतो.

तो तीन वर्षांचा झाला त्या वर्षींच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. अंगणांत कोणीं तरी सुतळी बॉंब लावला. तो त्या मुलाच्या पाठीमागें, सहा-सात हातांवर फुटला. पायरीवरचीं सगळीं मुलें किंकाळ्या फोडून आयांना बिलगलीं; दोघी-तिघी मोठ्या बायकाही किंचाळल्या. तो मात्र हातांतल्या पणतीच्या ज्योतीकडे एकटक पाहत तसाच उभा होता. माझी पत्नी गॅलरींतून हें पाहत होती. ती आंत आली आणि हलक्या आवाजांत म्हणाली, "अहो, त्याला ऐकूं येत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याच्या आईला बोलावलें. पत्नीनें विचारलें, तशी ती पदराचें टोक बोटाला गुंडाळीत राहिली. मग म्हणाली, "काकू, मला कधींपासून वाटतंय. पण ज्याला त्याला इचारलं तर सगळे म्हणतेत, पोराची जात उशिराच बोलती." एवढें बोलून ती खालीं गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तींत त्या मुलाचा सारा दप्तरखाना होता. त्या रात्रीं जेवणाचें मेज पुसून मीं ते कागद त्यावर ओळीनें मांडले. बँकेंत मांडीत असें तसे.

पहिला कागद गांवाकडच्या एका रुग्णालयाचा. मूल दिवसांआधीं जन्मलेलें, वजन दीड किलोच्या आसपास, कावीळ फार चढलेली, म्हणून नऊ दिवस कांचेंत ठेवलेलें. खालीं घाईच्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: कानांची तपासणी करून घ्यावी. ती ओळ आईला कोणीं वाचून दाखविली नव्हती. आणि ज्या गांवीं तिनें परत दाखवावयास जावयाचें तें गांवच तिला सोडावें लागलें. दुसरा कागद लसीकरणाचा. सारे डोस तारखेच्या तारखेला; त्यांत खोट काढावयास जागा नाहीं. तिसरें रुळांपलीकडच्या एका अंगणवाडीचें कार्ड. बाई त्याला तेथें चार-पांचदां घेऊन गेली होती. वजनाची रेघ उत्तम वर चढत होती, आणि समासांत पेन्सिलीनें लिहिलें होतें: हांक मारली तरी पाहत नाहीं. चौथी चिठ्ठी एका खाजगी डॉक्टराची; कान फुटल्याबद्दल थेंब लिहून दिलेले. पांचवी नोंद माझ्याजवळ होती. ती कागदावर नव्हती. ती खाडीकांठच्या कट्ट्यावर दोन वर्षें रोज संध्याकाळीं लिहिली जात होती.

या पांचांपैकीं कोणीही एकट्यानें कांहीं सिद्ध करीत नाहीं. कमी दिवसांचीं पुष्कळ मुलें ठणठणीत वाढतात. कान तर निम्म्या जगाचे फुटतात. परंतु तीं एकाखालीं एक ठेवलीं कीं बेरीज अशी लख्ख होते कीं तिला डॉक्टर लागत नाहीं. वाईट वाटलें तें याचें. कोणींही कामांत कुचराई केलेली नव्हती. टोंचणाऱ्यानें टोंचलें, तोलणाऱ्यानें तोललें, थेंब देणाऱ्यानें थेंब दिले. प्रत्येकाची वही आपापल्या परीनें बिनचूक होती. ताळा मात्र कोणींच घातला नव्हता. कारण ताळा घालणें हें कोणाचेंच काम नव्हतें.

आणि उशीर म्हणजे किती? जन्मतः ऐकूं न येणाऱ्या मुलाची चाचणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, अशी आज वैद्यकांतली रूढ कालमर्यादा आहे. कारण भाषा ही कानांतून मेंदूंत उतरते आणि ती उतरण्याचे दिवस मोजके असतात. आमचा मुलगा अडतीस महिन्यांचा झाला होता.

अंगणवाडी हा शब्द आपण आतां इतक्या सहजपणें उच्चारतों कीं त्याच्या पोटांत काय आहे तें विसरून गेलों आहों. आमच्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, घोलवड स्टेशनाजवळ बोर्डी म्हणून गांव आहे. तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें, हल्लीं पालघर जिल्ह्यांत आहे. तेथें १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें आणि अनुताई वाघ त्यांच्या हाताखालीं दाखल झाल्या. वारल्यांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, असें ताराबाईंनीं ठरविलें. पुढें कोसबाडच्या टेकडीवर त्यांना दुसरी गोष्ट उमगली. मोठी बहीण शाळेंत येत नाहीं, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असतें. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारांत आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं शाळाच कुरणांत गेली. आपण याला शिक्षणांतला प्रयोग म्हणतों. मला वाटतें, तो त्याहून मोठा होता. मूल तुकड्या-तुकड्यांनीं येत नाहीं, तें आपली भूक, आपलें भावंड, आपलीं गुरें आणि आपली आई घेऊन एकदम येतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरूं झाली, तेव्हां हाच विचार सरकारी भाषेंत उतरला. 'एकात्मिक' हें त्या नांवांतलें पहिलेंच विशेषण आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आयांस आहार-आरोग्याचें शिक्षण, अशा सहा सेवा तिनें एका दारांत आणावयाच्या होत्या. परंतु त्यांपैकीं लस, तपासणी आणि संदर्भ या तीन आरोग्यखात्याच्या हातीं, व बाकीच्या दुसऱ्या खात्याच्या. दार एक, किल्ल्या दोन. २०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याच्या विकारांच्या यादींत जन्मजात बहिरेपण आहे, आणि अंगणवाडींतील मुलें वर्षांतून दोनदां तपासावींत असा त्याचा नियम आहे. पण ज्याचें नांव कोणत्याच अंगणवाडीच्या पटावर कायमचें नाहीं त्याचें काय? झोंपडपट्टींतल्या मुलाला निदान वस्ती असते. चांगल्या वस्तींतल्या इमारतीच्या पंपाशेजारीं राहणारें मूल गरिबांच्या यादींत सांपडत नाहीं आणि श्रीमंतांच्या तर नाहींच नाहीं.

जें एका मुलाचें तेंच हजारोंचें. १९९२ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील जव्हार तालुक्यांत, वावर-वांगणी येथें, शंभराहून अधिक बालकें दगावलीं आणि महाराष्ट्राची मान खालीं गेली. त्यानंतरही मेळघाटाच्या व नंदुरबारच्या वार्ता येतच राहिल्या. शेवटीं २००५ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झालें, व्ही. रमणी हे त्याचे पहिले महासंचालक. मला त्यांतली जी गोष्ट अपूर्व वाटते ती ही कीं, या मिशननें स्वतःच्या नोकरांची नवी फौज उभी केली नाहीं. आरोग्यखातें आणि बालविकासखातें यांना एका मेजाशीं बसवावें, दोघांच्या नोंदी एकमेकांस दाखवाव्या, आणि गर्भापासूनच्या पहिल्या हजार दिवसांकडे सर्वांचें लक्ष वळवावें, हें त्याचें मुख्य काम. २००५-०६ मध्यें राज्यांत दोन वर्षांखालील शंभर मुलांत ३९ खुरटलेलीं होतीं. २०१२ च्या पाहणींत तीं २३ भरलीं. सारें श्रेय एका मिशनला देणें रास्त होणार नाहीं. पावसापाण्यापासून स्त्रीशिक्षणापर्यंत पुष्कळ गोष्टींचा त्यांत हात असतो. पण ताळा घालण्यानेंही कांहीं मुलें वाढतात, एवढें मला त्यावरून मानावेंसें वाटतें.

हा दोष केवळ आपल्या देशाचा आहे असें समजून कोणीं खंत करूं नये. लंडनमध्यें फेब्रुवारी २००० मध्यें व्हिक्टोरिया क्लिंबिये नांवाची आठ वर्षांची मुलगी घरच्यांच्या छळानें मरण पावली. चार स्थानिक संस्थांचीं समाजसेवा खातीं, दोन रुग्णालयें आणि पोलिस यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या समितीनें २००३ सालीं अहवाल दिला, त्यांत तिला वांचविण्याच्या निदान बारा संधि दाखविल्या. बारा वेळां कोणी ना कोणी दाराशीं आलें होतें! मग २००४ सालीं तेथें कायदा झाला. अडचण लहान असतांनाच सर्वांनीं मिळून कुटुंबाला आधार द्यावा, आणि त्यांतल्या एकानें धागा हातीं धरावा, अशी पद्धत तेथें पडली. त्याच उत्साहांत देशांतील प्रत्येक मुलाची एकत्र नोंदवहीही त्यांनीं यंत्रावर चढविली. तिला २२ कोटी ४० लक्ष पौंड लागले, आणि २०१० सालीं ती बंद झाली. इतक्या मुलांची माहिती इतक्या डोळ्यांपुढें असावी हें पुष्कळांस रुचलें नाहीं. तात्पर्य, सगळे कागद एका ठिकाणीं आले म्हणजे सगळीं माणसें एका ठिकाणीं आलीं, असें होत नाहीं.

हें मला त्या आईनेंच शिकविलें. दुसऱ्या दिवशीं मी तिला मोठ्या उत्साहानें सांगूं लागलों कीं, आतां अमक्याकडे अर्ज करूं, तमक्याला कळवूं, नगरसेवकाची चिठ्ठी आणूं. तिचा चेहरा उतरत गेला. शेवटीं ती म्हणाली, "काका, एवढ्या लोकांला कळल्यावर माझं लेकरू तर नाहीं ना नेणार कुणी?" मी चपापलों. तिची पिशवी मेजावर पसरतांना मीं तिची परवानगीही विचारली नव्हती. जिला कचेरी म्हणजे रांग, दंड आणि "उद्यां या" एवढेंच ठाऊक, तिला सहा कचेऱ्या एकत्र येऊन आपल्या दारीं उभ्या राहणें हें साहाय्य वाटेल कीं धाड वाटेल? एकट्या कचेरीपासून तिला दडून तरी राहतां येतें. साहाय्याचा मेळ घालावयाचा तर त्या मेळांत पहिली खुर्ची आईची असावयास हवी. बाकीचे तिच्या भोंवतीं बसावेत.

पुढचें काम खरें केलें तें मीं नव्हे. ज्या सेविकेनें समासांत पेन्सिलीनें ती ओळ लिहिली होती तिला माझ्या पत्नीनें शोधून काढलें. ती म्हणाली, "मीं लिहून वर सांगितलं होतं. पण ह्या ताई यायच्याच बंद झाल्या, आणि मला पत्ता माहीत नव्हता." ती मानधनावर काम करणारी बाई, तिला या कामाचा एक पैसाही अधिक मिळणार नव्हता. पण तिनें धागा हातीं धरला. वांद्र्याला १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथें कोणत्या दिवशीं जावें, कोणता दाखला लागतो, अपंगत्वाचें प्रमाणपत्र कसें काढावें, हें सारें तिनें त्या आईला तिच्याच बोलींत समजावलें, आणि पहिल्या खेपेला स्वतः बरोबर गेली. दोन्ही कानांना पुष्कळच कमी ऐकूं येतें, असें तेथें निष्पन्न झालें. श्रवणयंत्रें मिळालीं. पण यंत्र लावलें म्हणजे मूल बोलूं लागतें असें नाहीं. आठवड्याला भाईंदरहून वांद्र्यास वाणीच्या शिकवणीसाठीं जाणें आलें, आणि त्या दिवशींचा आईचा रोज बुडणें आलें. तेव्हां सोसायटीनें नवऱ्याची पाळी बदलली, तिन्ही घरांनीं खाडा धरणें सोडलें, आणि खाजगी डॉक्टरांनीं कान कोरडे राखण्याचें आपल्याकडे घेतलें. यांतलें एकही काम मोठें नाहीं. मोठें होतें तें एवढेंच कीं, प्रत्येकाला दुसरा काय करतो आहे तें माहीत होतें.

या हकीकतीचा शेवट गोड आहे असें मी म्हणणार नाहीं. मुलगा आतां सहा वर्षांचा आहे. शाळेंत पुढच्या बांकावर बसतो. त्याला शब्द येतात, पण वाक्यें मोडकीं येतात. 'स' आणि 'श' त्याच्या हातीं अजून लागलेले नाहींत. त्याच्या शिक्षिका म्हणतात कीं, तो दोन वर्षें आधीं आला असता तर इतरांत ओळखूंही आला नसता. तीं दोन वर्षें मी खाडीकांठीं त्याच्या शेजारीं बसून होतों. बँकेंत कधीं फरक राहिलाच तर तो एका खात्याला टाकून, साहेबांची सही घेऊन, वही बंद करतां येत असे. हा फरक टाकावयास मला खातें सांपडत नाहीं.

परवां आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पाण्याचा आणि गाड्या उभ्या करण्याचा विषय संपल्यावर तळमजल्यावरील एका सभासदांनीं लेखी तक्रार मांडली: पहारेकऱ्याचा मुलगा दुपारच्या वेळीं खिडकीखालीं फार ओरडतो, त्यामुळें विश्रांति मिळत नाहीं, तरी समितीनें योग्य ती कारवाई करावी. मी चिटणीस असल्यामुळें ती नोंदवून घेणें माझें कर्तव्य होतें. मीं ती नोंदवहींत सुवाच्य अक्षरांत उतरून घेतली, पुन्हां एकदां वाचली, आणि पुढचा विषय घेतला.